अँथनी गोन्साल्विस नावाचा माणूस

केळशीत 'कंडक्टर' या शब्दाला एकच अर्थ आहे. दापोलीहून येणारी एसटी, खाकी कपडे आणि "पुढे सरका, पुढे सरका". 'ऑर्केस्ट्रा'लाही एकच अर्थ आहे. जत्रा-उत्सवात रात्री नऊला म्हणून सांगितलेला आणि साडेदहाला सुरू होणारा हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम, ज्यात एक गायक किशोर असतो, एक गायिका लता आणि आशा दोन्ही असते, आणि निवेदक ऐनवेळी पंच्याहत्तर जणांची नावं वाचून आभार मानतो. त्यामुळे मागच्या सुट्टीत मामाकडे गेलो असताना लॅपटॉपवर 'माएस्ट्रो' लावला आणि मामाला सांगितलं की हा ऑर्केस्ट्राचा कंडक्टर आहे, तेव्हा मामा म्हणाला, "म्हणजे तिकिटं फाडतो?"

त्याने थोडा वेळ बघितला. चर्च, समोर शे-दीडशे वादक, मागे गाणाऱ्यांची फौज आणि मधे घामाघूम होऊन दोन्ही हात हवेत फेकणारा ब्रॅडली कूपर.

"हा वाजवत काय नाही?"

"नाही."

"गात पण नाही?"

"नाही रे मामा. तो फक्त सांगतो कुणी कधी वाजवायचं ते."

"मग यात ॲक्टिंग करण्यासारखं आहे काय?"

मामा सुपारी कातरायला निघून गेला आणि मी त्या प्रश्नात अडकलो. कारण प्रश्न बरोबर होता.

गाणाऱ्या माणसाची भूमिका कशी करायची हे आपल्याला माहीत आहे. २०११ च्या 'बालगंधर्व' सिनेमात सुबोध भावे दिसतो आणि आनंद भाटे गातात. ओठ नीट हलले, मानेची शीर योग्य वेळी ताणली गेली की आपण विश्वास ठेवतो. २०२२ च्या 'मी वसंतराव'मधे तर राहुल देशपांडेंनी आपल्या आजोबांची भूमिका केली आणि गायलेही स्वतःच, म्हणजे प्रश्नच मिटला. पण कंडक्टरच्या तोंडून किंवा हातातून आवाजच निघत नाही! उसना आवाज द्यायचा तर तो कुठे देणार? शिवाय हा प्राणी प्रेक्षकांकडे पाठ करून उभा असतो. आपल्याकडे १८८० साली किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं तेव्हापासून संगीत नाटकात साथीदार आहेत, पण काडी घेऊन उभा राहणारा कुणी नाही. गाणारा नटच राजा. त्याने तान लांबवली की साथीदारांनी निमूट मागे जायचं. वन्स मोअर घ्यायचा की नाही तेही तोच ठरवणार. ज्या रंगभूमीवर कंडक्टरची जागाच नाही, तिथे कंडक्टरवर नाटक कोण लिहिणार?

यात एक तांत्रिक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही (व्यवसायाचा दोष). खरा कंडक्टर आवाजाच्या पुढे असतो. हात खाली येतो त्याआधी तो वर जातो, आणि त्या वर जाण्यातच पुढची मात्रा किती वेगाने आणि किती जोरात येणार हे वादकांना कळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर तो सर्किटमधला क्लॉक सिग्नल. स्वतः काही काम करत नाही, पण तो थांबला तर बाकी सगळे आपापल्या वेळेने धावतील. आता नटाला आधी रेकॉर्ड केलेलं संगीत लावून दिलं आणि 'हात हलव' म्हटलं की काय होतं? तो आवाज ऐकून हात हलवतो. म्हणजे एक क्षण मागे राहतो. तेवढ्यावरून जाणकार ओळखतो की हा बँड चालवत नाहीये, बँडवर नाचतोय. 'माएस्ट्रो' (२०२३) मधे लेनर्ड बर्नस्टाइन झालेल्या ब्रॅडली कूपरने म्हणूनच इंग्लंडातल्या ईली कॅथीड्रलमधे लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासमोर मालरची दुसरी सिंफनी प्रत्यक्ष कंडक्ट केली. सहा मिनिटं आणि काही सेकंदांच्या संगीतासाठी सहा वर्षं शिकत होतो असं तो सांगतो. शिकवायला यानिक नेझे-सेगाँसारखा खरा कंडक्टर होता. एवढं करूनही लोक भांडले ते कशावरून, तर त्याच्या खोट्या नाकावरून. असो.

दुसरा रस्ता म्हणजे कंडक्टरला कंडक्ट करूच द्यायचं नाही. रोनाल्ड हारवुडचं 'टेकिंग साइड्स' हे नाटक १९९५ साली आलं. दुसरं महायुद्ध संपलंय, बर्लिन उद्ध्वस्त आहे आणि जर्मनीचा सर्वात मोठा कंडक्टर विल्हेल्म फुर्टवेंगलर एका अमेरिकन मेजरसमोर बसलाय. प्रश्न एकच, हिटलरच्या राज्यात तू देश सोडून का नाही गेलास? संपूर्ण नाटक एका ऑफिसात घडतं. आयुष्यभर शंभर माणसांना हाताच्या इशाऱ्यावर चालवणारा माणूस इथे इन्शुरन्सचे दावे तपासणाऱ्या एका साध्या माणसाच्या हुकमावर उठतो-बसतो. २००१ साली इश्टवान साबोने त्यावर सिनेमा केला, त्यात स्टेलान स्कार्सगार्ड फुर्टवेंगलर आहे. पण शेवटी साबोने नटाला बाजूला करून खरी जुनी फिल्म दाखवली आहे. कार्यक्रम संपलाय, गोबेल्स पुढे येऊन हात मिळवतो, आणि मग फुर्टवेंगलर रुमाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतो. हात पुसला का? तेवढंच पुन्हा जवळून दाखवलंय. दोन तास मोठमोठे नट जे सांगायला झटले ते त्या काही सेकंदांत आहे. मामाला हे सांगायचं राहिलं, पण त्याच्या प्रश्नाचं हे एक उत्तर होतं.

संध्याकाळी पडवीत बसलो असताना मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, मामा, आपल्याकडेही होते रे कंडक्टर. झुबिन मेहता मुंबईचेच. त्यांच्या वडिलांनी, मेली मेहतांनी, १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस होते...

"थांब. तो बच्चन?"

आणि इथेच या लेखाचा खरा विषय सुरू होतो.

'अमर अकबर अँथनी' (१९७७) बघितला नाही असा माणूस केळशीतच काय, अख्ख्या दापोली तालुक्यात सापडायचा नाही. ईस्टरची पार्टी, एक भलंमोठं अंडं, ते उघडतं आणि टेलकोट, उंच हॅट, एका डोळ्यावर काच असा अमिताभ बाहेर येतो. आपलं नाव सांगतो आणि मग अगम्य इंग्रजीचा धबधबा सोडतो. (त्यातला एक तुकडा १८७८ साली डिझरायलीने ग्लॅडस्टनची जिरवण्यासाठी वापरला होता. बांद्र्याच्या दारूवाल्याच्या तोंडी ब्रिटिश पंतप्रधान! मनमोहन देसाईच करू जाणे.) त्या पात्राचं नाव आधी अँथनी फर्नांडिस असणार होतं. ते चालीत बसेना. तेव्हा संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं आडनाव सुचवलं, गोन्साल्विस. ते बसलं, आणि असं बसलं की मूळ माणूसच त्याखाली दिसेनासा झाला.

तर हा मूळ माणूस कोण?

दक्षिण गोव्यात, मडगावजवळ किनाऱ्याला माजोर्डा नावाचं गाव आहे. तिथे १९२७ साली अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म झाला. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे मास्तर, गोव्यात ज्यांना मेस्त्री म्हणत. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी शिकवायचे. म्हणजे व्हायोलिन घरात असो-नसो, पाच रेघांवरचे स्वर वाचता आलेच पाहिजेत. धर्मप्रसाराची सोय म्हणून सुरू झालेल्या या पद्धतीने पुढे हिंदी सिनेमाला केवढं मनुष्यबळ पुरवलं! मुंबईतला बोलपट मोठा झाला, वीस-तीस-पन्नास वादक एकत्र वाजवायची पद्धत आली, आणि कागद बघून लगेच वाजवू शकणारी माणसं हवी झाली. ती गोव्यातून आली. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. यातल्या चिक चॉकलेटला तरी नशिबाने तोंड दाखवायला मिळालं. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) तो आपल्या बँडसकट पडद्यावर आहे. बाकीचे काचेपलीकडच्या खोलीतच राहिले.

अँथनी १९४३ साली मुंबईत आले तेव्हा सोळा वर्षांचे होते. नौशादांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवू लागले. मग हळूहळू संगीत संयोजनाकडे वळले. आपल्याकडे संगीत संयोजक म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. संगीतकार पेटीवर चाल बसवतो. त्या चालीच्या आधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मधे काय, व्हायोलिन कुठे शिरतील, चेलो खालून काय धरेल, बासरी कधी एकटी राहील, हे सगळं कोणीतरी लिहावं लागतं. प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद. आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या खोलीत उभं राहून हात हलवून ते वाजवून घ्यावं लागतं. आपण गाणं गुणगुणताना 'टँ टँ टँग' असं जे मधलं वाद्यांचं तोंडाने वाजवतो ना, ते बहुतेक वेळा या माणसाचं असतं. श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरात संगीतकार. संयोजकाचं नाव आलं तर सहायक म्हणून, बारीक अक्षरात, नाही तर नाहीच. (आमच्यातही आर्किटेक्चर एकाचं, प्रेझेंटेशन दुसऱ्याचं असतं. जाऊ दे.)

इथपर्यंत अँथनींची गोष्ट इतर गोवेकरांसारखीच आहे. वेगळी होते ती पुढे. त्यांना रागसंगीताचं वेड लागलं. नुसतं सिनेमात तोंडी लावण्यापुरतं नाही. राग घेऊन पूर्ण पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रासाठी मोठ्या रचना लिहायच्या असं त्यांनी मनावर घेतलं.

ऐकायला सोपं वाटतं. आहे भयंकर अवघड. आपलं संगीत एका वेळी एका सुरावर चालतं, त्यांचं अनेक सूर एकावर एक रचून. सारंगाखाली भलता सूर ठेवला तर तो सारंग राहत नाही, दुसरंच काहीतरी होतं. आपली मींड दोन स्वरांच्या मधल्या मोकळ्या जागेतून जाते, ती कागदावर कशी उतरवणार? आणि सर्वात मोठा घोळ म्हणजे आपला गवई ऐनवेळी सुचेल ते गातो. एकाला सुचलं तर मैफल रंगते. शंभर जणांना एकदम वेगवेगळं सुचलं तर? म्हणून कागद, आणि म्हणून कंडक्टर. हे मी मामाला समजावत होतो तेव्हा तो मधेच म्हणाला, "म्हणजे एसटीच्या कंडक्टरासारखाच की. गाडी ड्रायव्हर चालवतो, पण याने घंटी दिल्याशिवाय हलते काय?" मला इतकी सोपी उपमा सुचली नव्हती. क्लॉक सिग्नल बाद.

१९५८ साली अँथनींनी स्वतःचा भारतीय सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या दगडी चौकात कार्यक्रम झाला. ११० वादक. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रचना अँथनींच्या, त्यातली एक सारंग रागावरचा कन्चेर्तो. समोर काडी घेऊन स्वतः अँथनी. वय एकतीसच्या आतबाहेर, म्हणजे माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. रोज फिल्मी रेकॉर्डिंगला जाणारे ११० लोक जमवायचे, त्यांच्या तालमी घ्यायच्या, प्रत्येकाचा कागद लिहायचा. मला आमच्या टीमच्या नऊ जणांना एका मीटिंगला वेळेवर आणता येत नाही.

पण हे गाडं फार काळ चाललं नाही. एवढा ऑर्केस्ट्रा पोसायला पैसा लागतो. युरोपात तो राजांनी दिला, नंतर सरकारांनी दिला. आपल्याकडे तो सिनेमाकडे होता, आणि सिनेमाला साडेतीन मिनिटांचं गाणं हवं होतं. १९६५ साली अँथनी अमेरिकेला सिराक्यूज विद्यापीठाकडे गेले. हिंदी सिनेमा सुटला तो सुटलाच. परत आले ते सरळ माजोर्ड्याला. म्हणजे १९७७ साली अख्खा देश त्यांच्या नावाने नाचत होता तेव्हा खरा अँथनी गोन्साल्विस पन्नाशीचा होता आणि चित्रपटसृष्टी सोडून बारा वर्षं झाली होती.

मी बरेच दिवस याला चेष्टा समजत होतो. एवढ्या विद्वान माणसाचं नाव आणि ते दारू पिऊन आरशातल्या स्वतःला मलमपट्टी करणाऱ्या पात्राला! पण आता तसं वाटत नाही. प्यारेलाल यांच्या हातात काय होतं? श्रेयनामावलीत गुरूचं नाव घालायला जागा नव्हती, कारण गुरू त्या सिनेमात नव्हतेच. मग त्यांनी ते अशा जागी ठेवलं जिथून कुणी काढू शकणार नाही. आणि योगायोग बघा, पात्राच्या अंगावर टेलकोट आहे. कंडक्टरचा पोशाख. फक्त हातात काडी नाही आणि समोर ऑर्केस्ट्रा नाही.

याच्या बरोब्बर उलटं उदाहरण गोव्यातच आहे. बार्डरॉय बार्रेटो यांचा कोंकणी सिनेमा 'नाचूया कुंपासार' (२०१५). मुंबईतल्या जॅझ क्लबांमधला गोवेकर बँडलीडर लॉरी आणि त्याने घडवलेली गायिका डोना. लॉरी झालाय विजय मौर्य, डोना पालोमी घोष. नावं काल्पनिक, पण गोव्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की हे क्रिस पेरी आणि लोर्ना. पेरी ट्रंपेट वाजवायचे, गाणी लिहायचे, बँड चालवायचे आणि बँडवर हुकूमही चालवायचे. दोघं वेगळे झाल्यावर लोर्ना वीसेक वर्षं गायलीच नाही, पुन्हा उभी राहिली ती १९९५ च्या सुमाराला. सिनेमात ही माणसं खऱ्या नावाने येत नाहीत, पण गाणी मात्र पेरींचीच आहेत, एक-दोन नाही, वीसेक. कोंकणी पुरेशी येत नसेल तरी बघा. विजय मौर्यने एक गोष्ट फार छान पकडली आहे. बँड वाजत असताना लॉरी प्रेक्षकांकडे नाही, सतत आपल्या माणसांकडे बघतो. कान उघडे आणि डोळ्यात धाक. हातवारे जवळजवळ नाहीतच. मला तो ब्रॅडली कूपरच्या घामापेक्षा जास्त खरा वाटला (मोठ्या ऑर्केस्ट्राला मोठे हात लागतात हे मान्य करूनही).

तर हिशोब असा झाला. क्रिस पेरींचं नाव बदललं आणि काम पडद्यावर आलं. अँथनींचं नाव घराघरात गेलं आणि काम झेवियर्सच्या चौकात राहिलं. कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. मराठी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी अँथनींवर माहितीपट केला आणि त्यात म्हातारे अँथनी स्वतः आहेत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. जानेवारी २०१२ मधे ते गेले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमधे अर्थातच अमिताभ होता.

आता कबुली. दोन-तीन वर्षांपूर्वी आमची ऑफिसची ट्रिप गोव्याला गेली होती. हॉटेल माजोर्ड्याच्या किनाऱ्याला. रात्री वाळूत बसून भेंड्या चालल्या होत्या, 'म' आला आणि आम्ही बारा-पंधरा जणांनी ते गाणं अगम्य इंग्रजीसकट बेंबीच्या देठापासून ओरडून म्हटलं. ज्याच्या नावाने ओरडत होतो त्याचं गाव हेच, हे एकालाही माहीत नव्हतं. मला तरी नक्कीच नव्हतं.

हे सगळं ऐकून झाल्यावर मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "यावर पिक्चर काढायला पाहिजे."

मीही पेटलो. म्हटलं, एकच प्रसंग घ्यायचा. १९५८. झेवियर्सचा चौक, संध्याकाळची वेळ, कावळे ओरडतायत, ११० जण वाद्यं लावतायत. पांढऱ्या साडीतल्या लताबाई बाजूला कागद हातात धरून उभ्या. आणि हा तिशीतला माणूस पुढे येतो, प्रेक्षकांकडे पाठ करतो, हात वर नेतो. बस. तिथे सिनेमा सुरू.

"कोण करील रे काम?" मी विचारलं.

"सुबोध भावे," मामा एक सेकंदही न थांबता म्हणाला. "बालगंधर्व त्याने केला, टिळक त्याने केले, घाणेकर त्याने केले. दुसरा आहे कोण?"

आणि सुपारीचं खांड तोंडात टाकून पुढे म्हणाला, "फक्त गायला आनंद भाट्यांना घे म्हणावं."

"मामा, तो गात नाही रे!"